शेवटच्या ओळीतली पहिली भाजी

किस्से हरळीसारखे असतात. वाटतं, ही एवढीशी काडी उपटावी आणि मोकळं व्हावं. ओढायला लागलं की तिच्यामागून हातभर दोरी निघते, दोरीला आणखी चार फाटे, आणि बघता बघता अख्खं अंगण उकरून होतं!

परवा आमच्या जुन्या शेजारीण शांताताई आल्या होत्या. नातसुनेनं कुंडीत मेथी लावली म्हणून कौतुकानं सांगत होत्या. मी मध्येच नुसतं "आंबुशी" म्हटलं. झालं! दोघींच्या हातातला चहा बशीत. सूनबाई धावत आली, म्हणाली, "काय झालं?" आता काय काय झालं ते एका दमात कसं सांगायचं?

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि कामगारांसाठी क्वार्टर्स बांधल्या होत्या. आज संत तुकारामनगरात घरावर घर चढलंय ना, त्या बाजूला तेव्हा नुसता माळ. माळाच्या टोकाला आमची शेवटची ओळ, चार घरांची. पुढं रस्ता, मागं प्रत्येकाला परसाचा तुकडा.

मी गिरगावातल्या चाळीत जन्मले, वाढले, तिथंच लग्न झालं. माती पाहिली होती ती तुळशीच्या डब्यात. आमच्या ह्यांना इथं फिटरची नोकरी लागली आणि श्रावण संपता संपता मी इथं आले. दिवसभर वारा आणि कारखान्याचा भोंगा! बोलायला माणूस नाही, भाजीला भाजी नाही. आठवड्यातून एकदा सायकलवरून भाजीवाला यायचा, त्याच्याकडची पालेभाजी त्याच्याइतकीच दमलेली असायची. मी रोज संध्याकाळी रडायची. हे म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघ. नाहीच करमलं तर परत जाऊ. जुन्या वर्कशॉपचे मालक अजून विचारतात."

म्हणजे मला निघायचा दिवस मिळाला होता. तोवर करायचं काय, म्हणून मी परस खणायला घेतला. एवढंच!

* * *

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पाऊस थांबला होता, ऊन चटका देत होतं. ह्यांनी कारखान्यातल्या कुणाकडून तरी एक कुदळ आणली. मी पदर खोचला, कुदळ डोक्यावर नेली आणि हाणली. ठण्ण! कुदळ उडाली, मी मागं बसले.

शेजारच्या घरात जाधववहिनी राहायच्या. बीडकडच्या. उंच, धिप्पाड, आवाज असा की भोंग्याला सुट्टी द्यावी. त्यांचे यजमान कारखान्याची गाडी चालवायचे. वहिनी दारातून बघत होत्या. न विचारता आल्या, कुदळ माझ्या हातातून घेतली, म्हणाल्या, "सरका बाजूला. तुमी काय कोळसा फोडायलाव का?"

मला हायसं वाटलं. शेतकऱ्याघरची बाई, हिला सगळं येत असणार! मी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे भाज्या कोणत्या लावतात?"

"आमच्याकडं? ज्वारी अन् हरबरा. भाजी कोण लावतंय? भाजी मी बी पहिल्यांदाच बगायले!"

दोघी नवशिक्या! तरी दुपारपर्यंत खणलं. मुरमाखालून काय काय निघालं म्हणता? अर्ध्या विटा. सिमेंटची थिजलेली ढेकळं. गवंड्याची गंजकी थापी. आणि एक अख्खी खिडकीची बिजागरी!

वहिनींनी सगळा ढीग एका जागी लावला, घाम पुसला, आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सुधाताई, हितं घर उगवंल बगा. भाजीचं सांगता येत नाही!"

* * *

माती मिळाली ती काशीबाईंकडून. काशीबाई पिंपळे गुरवच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकरी. सकाळी डोक्यावर चरवी घेऊन दूध घालायला यायच्या. त्यांनी बैलगाडीभर गाळ आणि शेणखत आणून टाकलं आणि म्हणाल्या, "पेरा आता. आमी ऊस लावतो, जुंधळा लावतो. ह्ये तुमचं कोबी-फिबी आमाला ठावं न्हाई. पण रान कसलं बी असूं द्या, तण आधी येतंया, त्येवढं काढत ऱ्हावा."

तण काढायचं. पाठ केलं मी!

दसऱ्याला मेथी पेरली. चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे बघते तर वाफा हिरवा! मी ह्यांना मोरीतून तसंच साबणाच्या अंगानं बाहेर बोलावलं. "अहो, आली! आली!" ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं सासूबाई आल्या.

नीट पाहिलं तर वाफ्यात दोन जातीची रोपं. एक गुळगुळीत दोन पानांचं, मला काही ओळखीचं वाटेना. दुसरं मात्र तीन तीन पानांचं, नाजूक, अगदी बाजारातल्या मेथीसारखं! मग काय, बसले तण काढायला. ती दोन पानांची सगळी उपटून फेकली. एक ठेवलं नाही. तीन पानांच्या लाडक्या मेथीला सकाळ-संध्याकाळ ओंजळीनं पाणी. शेजारणींना बोलावून दाखवलं. सगळ्यांनी "वा वा" केलं.

महिनाभरानं पहिली जुडी काढली. स्वतःच्या हातची मेथी! लसूण घालून परतली, ह्यांच्या पानात वाढली आणि समोर बसून राहिले.

ह्यांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. माझ्या तोंडाकडे बघून अगदी सांभाळून विचारलं, "छान झालीय. मेथीत चिंच घालतात का ग तुमच्याकडे?"

काशीबाईंना दाखवल्यावर त्यांनी चरवी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. "बाय माझे, ही तर आंबुशी हाय! मेथी कुटं गेली?"

मेथी मी उपटून फेकली होती!

* * *

तिसऱ्या घरात सावंतमामा. मूळ मालवणकडचे, कारखान्यात बॉयलरवर. मामी गावी, हे इथं एकटे. मामांचा हट्ट असा, की शेणखतानं काही होत नाही. "आमच्याकडे माडाच्या मुळात मासळी घालतत. झाड कसां वाढतां बघ!"

आम्ही म्हटलं, "मामा, माड नाही, वांगी आहेत."

"वांग्याक काय तोंड नाय?"

गणपतीला गावी गेले होते तेव्हा सुकी मासळी पोतं भरून आणलेली होतीच. मामांनी वांग्याच्या प्रत्येक रोपाखाली हातभर खड्डा करून बांगड्याची डोकी पुरली, वरून माती दाबली, पाणी घातलं, आणि खुशीत दुसऱ्या पाळीला निघून गेले.

संध्याकाळी वाऱ्यावर तो वास सुटला. पहिलं मांजर आलं ते गोंडस पांढरं, जाधववहिनींनी त्याला "ये ग मने" सुद्धा म्हटलं. मग दुसरं आलं. मग भिंतीवरून, छपरावरून, गटाराकडून... पिंपरी गावात इतकी मांजरं आहेत हे गावालाही ठाऊक नसेल! दोन कुत्री आली, ती मांजरांची संख्या बघून परत गेली. आम्ही काठ्या आपटल्या, डबे वाजवले. मांजरांनी आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. शिस्तीत एकेक रोप बाजूला काढून ठेवत होती आणि खालचं जेवत होती.

मामा ड्युटीवरून आले तेव्हा वाफ्यात नुसते खड्डे. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जायच्या वाटेवर कुणीतरी हाक मारली, "काय सावंतमामा, वांगी आली की नाही?"

मामा सायकल न थांबवता म्हणाले, "वांगी नाय इली, मांजरां इली!"

* * *

चौथ्या घरात डोंगरे पतीपत्नी. म्हणजे या शांताताईच. डोंगरेभाऊजी टाइम ऑफिसात. कोण किती मिनिटं उशिरा आला हे बघणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे घरीही तीच सवय. त्यांनी कोबीची रोपं लावली ती दोरी धरून. एकही रोप बोटभर इकडेतिकडे नाही. रोज सकाळी इस्त्रीची पँट घालून, हातात चहाचा कप, वाफ्यापुढे उभे राहून हजेरी घ्यायचे!

"पहिली ओळ, हजर. दुसरी ओळ, हजर. हा शेवटचा का मान टाकून बसलाय? सरळ उभा राहा!"

आम्ही कुंपणाआडून तोंडात पदर कोंबून ऐकायचो.

एके सकाळी हजेरी अर्ध्यावर थांबली. दुसरी ओळ अर्धी गायब! नुसते देठ. आणि शेवटच्या कोबीपाशी काशीबाईंचं वासरू, डोळे मिटून रवंथ करत उभं. भाऊजींनी त्याला पकडून दाराच्या कडीला बांधलं. काशीबाई दूध घालायला आल्या तर भाऊजी रस्त्यात उभे. "हे वासरू सोडणार नाही! कुणाच्या परवानगीनं आत आलं?"

काशीबाईंनी वासराकडे पाहिलं, देठांकडे पाहिलं. तेवढ्यात रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला. काशीबाई म्हणाल्या, "सायेब, ऐकलं न्हवं? त्येची शिफ्ट संपली. सोडा आता त्याला घरी!"

भाऊजींनी भोंग्याचा मान राखला. सोडलं!

* * *

दिवाळीनंतर पाण्याचे हाल सुरू झाले. नळ सकाळी थोडा वेळ यायचा. कॉलनीच्या सुपरवायझरनं बजावून ठेवलं, "नळाचं पाणी बागेला घालताना कुणी दिसलं तर कनेक्शन तोडीन." पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीला. बागेला नाही म्हणजे नाही.

आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, भाजी धुतलेलं घातलं. पुरेना. गाजराची पानं माना टाकायला लागली. मला तर झोप लागेना. संक्रांतीला निघून जायचं म्हणणारी मीच, आणि गाजराला काही झालं तर, म्हणून जीव खाली-वर!

तोडगा जाधववहिनींनी काढला. "अंघोळीला पाणी घ्या म्हणतो ना त्यो? मग अंघोळ करा की. पर मोरीत कशाला? माणूस उचलायचा अन् वाफ्यात ठिवायचा!"

दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या ओळीतले चारही पुरुष पहाटे वाफ्यात पाट टाकून अंघोळीला बसायला लागले. साबणाला बंदी. डाळीचं पीठ लावायचं! रोज जागा बदलायची, आज गाजर, उद्या मुळा, म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी मिळेल. आमचे हे थंडीनं कुडकुडत ओरडायचे, "झालं का ग गाजराचं?" मी म्हणायची, "अजून एक तांब्या, त्या कोपऱ्यात डोकं करा!"

आणि नेमके त्याच आठवड्यात कारखान्यात परदेशी इंजिनिअर पाहुणे आले. मोठे साहेब त्यांना कॉलनी दाखवायला घेऊन निघाले. सकाळी लवकर! शेवटच्या ओळीच्या कडेनं गाडी परसांकडं वळली आणि थांबली. गोरा साहेब कॅमेरा घेऊन उतरला. समोर चार माणसं, पंचे नेसलेली, अंगाला पीठ फासलेलं, पालेभाजीत मांडी घालून बसलेली. जाधवभाऊजींच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं.

साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. आमचे मोठे साहेब लाल झाले. आम्ही बायका दाराआड देव आठवत होतो.

डोंगरेभाऊजी पंचा सावरत उठून उभे राहिले. ताठ. पीठ लावलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर! इरिगेशन!"

* * *

फुलकोबीची रोपं डोंगरेभाऊजींनी पुण्याहून आणून चौघांना वाटली होती. पानं आली, हत्तीच्या कानाएवढी. फूल मात्र कुणाच्याच रोपाला धरेना. आणि एक दिवस डोंगऱ्यांच्या एकाच रोपात, अगदी आत, लिंबाएवढा पांढरा गड्डा दिसला! शेवटची ओळ हलली हो! सावंतमामा ड्युटीवर जाताना बघून जायचे, येताना बघून यायचे. काशीबाई दूध राहू दे, आधी "बाळ" बघायच्या.

मग डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. भाऊजी ऑफिसला निघाले होते. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, फुलकोबीकडे पाहिलं, आणि स्वतःची छत्री काठीला बांधून फुलकोबीवर उभी केली. आपण भिजत गेले. आयुष्यात पहिल्यांदा टाइम ऑफिसचा माणूस उशिरा!

त्यांच्या साहेबांनी विचारलं, "डोंगरे, तुम्ही? आणि हे काय, छत्री कुठाय?"

भाऊजी फुलकोबी म्हणायला लाजले. चाचरत म्हणाले, "साहेब... घरी जरा नाजूक आहे. तिच्यासाठी ठेवून आलो."

साहेब काय समजायचं ते समजले. भाऊजींच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. साहेबांना इतका आनंद झाला, की संध्याकाळी त्यांच्या बाईसाहेब डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन स्वतः दारात!

शांताताईंना काहीच ठाऊक नाही. त्यांना वाटलं, फुलकोबीची कीर्ती साहेबांच्या घरापर्यंत गेली.

बाईसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "कितवा महिना?"

शांताताई हरखल्या. "तिसरा लागलाय! सुरुवातीला काहीच लक्षण नव्हतं हो. आम्ही तर आशाच सोडली होती."

"देवाला काळजी! पण आता जपा."

"जपतोय तर! हे तर रोज सकाळी उठून बघतात. आताशी डोकं चांगलं दिसायला लागलंय!"

बाईसाहेबांच्या हातातला डबा तिरपा झाला. "अगंबाई! तिसऱ्यातच?"

लाडू छान होते. आम्ही चारही घरांनी वाटून खाल्ले. आणि त्यानंतर वर्षभरानं शांताताईंना खरोखरच मुलगी झाली, तेव्हा साहेबांच्या बाईसाहेब बारशाला आल्या आणि आधी परसात जाऊन खात्री करून आल्या!

* * *

संक्रांत जवळ आली. काशीबाईंनी बी दिलेली, दुसऱ्यांदा पेरलेली मेथी, ही खरी मेथी, गुडघ्याला लागत होती. माझ्या वाटाण्याला शेंगा धरल्या होत्या. भोगीची भाजी यंदा विकत आणायची नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. वांगी मात्र काशीबाईंच्या गावातून येणार होती, मामांच्या मांजरांमुळे.

अशात एका रविवारी माझे धाकटे दीर मुंबईहून आले. वसंतभाऊजी. मी परसात चिखलात उकिडवी बसले होते, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. ते दारातच उभे राहून ओरडले, "वहिनी, खूशखबर! दादाला वर्कशॉपच्या मालकांनी बोलावलंय. चाळीत खोलीसुद्धा मिळतेय, आपल्याच मजल्यावर! सोमवारपासून या म्हणतात."

हे कुंपणाची तार आवळत होते. त्यांचे हात थांबले. नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इथली नोकरी आवडली होती, हे मला माहीत होतं. पण एकदाही म्हणाले नव्हते, की राहूया. शब्द दिला होता ना मला!

मी म्हटलं, "सोमवारी कसं जमेल? वाटाणा आता कुठं भरतोय!"

"बरं, मग पुढच्या सोमवारी."

"पुढच्या सोमवारी टोमॅटो लाल व्हायला लागतील."

"वहिनी, टोमॅटो काय गिरगावात मिळत नाहीत?"

"हे टोमॅटो मिळत नाहीत!"

भाऊजी वैतागले. "अहो, मग मालकांना सांगू तरी काय? कधी येणार?"

मी जरा विचार केला. खरंच केला हो! म्हटलं, "आता थंडी सरली की भेंडी लावायचीय. मग गवार. पाऊस पडला की दोडका मांडवावर जाईल. दसऱ्याला पुन्हा मेथी. आता मला ओळखता येते. त्याच्यानंतर विचारा."

वसंतभाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पकड खाली टाकली, कोपऱ्यातली बादली उचलली आणि पाठ फिरवून नळाकडे चालायला लागले. जाता जाता शीळ घालत होते. लग्नानंतर मी त्यांना शीळ घालताना ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा!

भाऊजी संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पिशवीत मेथीच्या जुड्या, मुळे, गाजरं. दुसऱ्या दिवशी चाळीत घरोघर वाटली म्हणे. सासूबाईंनी निरोप धाडला, "येऊ नका. गाजरं पाठवा."

* * *

आता शेवटचा सांगते. भोपळ्याचा.

आमच्या परसांच्या मागं काटेरी तार होती आणि तारेपलीकडं लष्कराची जमीन, थेट दिघीकडं पसरलेली. तिथं एक पहारेकरी उभा असायचा. जाधववहिनींनी तारेच्या कडेला लाल भोपळ्याचं बी टोचलं होतं. वेल वाढला, तारेखालून पलीकडं गेला, आणि एकुलता एक भोपळा धरला तो बरोबर लष्कराच्या हद्दीत!

वहिनींनी तारेतून हात घातला. पलीकडून आवाज आला, "माताजी! हाथ पीछे!"

पहारेकरी कोवळा पोरगा होता, उत्तरेतल्या डोंगराकडचा. वहिनींचं माहेर निजामाच्या मुलखातलं, त्यामुळे त्यांची हिंदी फर्डी. म्हणाल्या, "अरे बेटा, वो भोपला हमारा हाय!"

"तार के इस पार सब सरकार का है।"

"बेलकू क्या मालूम तार किधर हाय?"

"हुकुम नहीं है, माताजी।"

झालं! रोजचं भांडण सुरू. वहिनी या बाजूनं मुळाला पाणी घालायच्या, त्या बाजूला भोपळा फुगायचा. रागानं वेल तोडून टाकायला गेल्या एकदा, पण हात होईना. आणि तो पोरगा? त्याला तोडायची परवानगी नाही, खायची नाही, द्यायची नाही. तरी एक दिवस आम्ही पाहिलं, त्यानं इकडेतिकडे बघून भोपळ्याखाली वाळलं गवत सारलं. खालून कुजू नये म्हणून!

वहिनी त्या दिवशी भांडल्या नाहीत.

भोपळा घागरीएवढा झाला तेव्हा एक दिवस पलीकडं जीप आली. मिशाळ अधिकारी उतरला. छडी भोपळ्याला लावून विचारलं, "ये क्या है?"

पोरगा ताठ. "साहब, कद्दू है!"

"दिख रहा है। कहाँ से आया?"

"उधर से, साहब!"

अधिकारी वेलाच्या कडेकडेनं चालत तारेपर्यंत आला. तारेच्या अलीकडं आम्ही चौघी, काशीबाई धरून, ओळीनं उभ्या. त्यानं आमच्याकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषा न हलवता म्हणाला, "बिना इजाज़त हद्द में घुसा है। गिरफ़्तार करो और वापस भेजो!"

जीप धुरळा उडवत गेली. पोरगा खांद्याला बंदूक, दोन्ही हातांत भोपळा, पावलं आपटत तारेपर्यंत आला. पण भोपळा तारेतून जाईना! वरून द्यावा तर काटे. शेवटी वहिनींनी घरातून कोयता आणला, तारेतून पलीकडं दिला, म्हणाल्या, "काट बेटा, बीच में से!" त्यानं दोन फाडी केल्या. एक फाड आमच्याकडं आली. दुसरी तो द्यायला लागला तर वहिनींनी हात मागं घेतला.

"वो तेरी. खा!"

त्या दिवशी आमच्या ओळीत घारगे झाले. थोडे तारेपलीकडंही गेले.

उन्हाळ्यात ती पलटण हलली. पोरगा जाताना तारेपाशी येऊन वहिनींना सलाम करून गेला. वहिनी दोन दिवस येता-जाता तारेपलीकडं बघत होत्या.

मग पाऊस आला, गेला, दसरा आला. आम्ही पुन्हा वाफे करायला घेतले. बघतो तर तारेपलीकडं, पहाऱ्याच्या जागेपाशी, भोपळ्याचा एक वेल! कुणी बी टाकलं, कधी टाकलं, देव जाणे. वेल वाढला, सरळ आमच्याकडं आला, तारेखालून शिरला, आणि वहिनींच्या परसात त्याला हा एवढा मोठा भोपळा धरला!

नवा पहारेकरी पोक्त होता, गलमिशांवाला. बरेच दिवस नुसता बघायचा. एके सकाळी राहवेना. तारेपाशी येऊन म्हणाला, "माताजी, वो कद्दू... बेल तो हमारी तरफ़ की है!"

जाधववहिनींनी खुरपं खाली ठेवलं. पदर खोचला. दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हुकुम नहीं है, बेटा!"